मदत हवी आहे : बाबांना घेऊन कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूर अभयारण्यात जायचंय

नमस्कार मंडळी, आई गेल्यापासून आमचे बाबा लई गप्प झालेत, दिवसभर टीव्ही चालू असतो पण बघत कायच नाहीत. परवा चहा घेताना एकदम म्हणाले, "दाजीपूरला जाऊन येऊया का रे", मी बघतच बसलो. तरुणपणी तिथं गवा बघितलेला, एवढं काळंभोर धूड आणि गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यागत पाय, हे सांगताना कपातला चहा पार गार झाला तरी बोलतच होते!

तर विचारायचं असं की पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं ते माहितीय, उघडल्यावर लगेच जावं का थंडीत? गवे सकाळी, संध्याकाळी चरायला बाहेर येतात म्हणतात म्हणजे मुक्काम करावा लागणार, पण बाबांचे गुडघे दुखतात आणि आतला रस्ता कच्चा, जीपमध्ये हाडं खिळखिळी होतात असं मित्र म्हणतो. वयस्कर माणसाला कोणी नेलंय का? मुक्कामाला खाली खोली, वेस्टर्न टॉयलेट असलेलं साधं काही आहे का?

१९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं जंगल हे, त्याआधी कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान. आता तेच गवे उसात शिरतात म्हणून आमचे मामा शिव्या घालतात, त्यांना सोबत न्यायचं नाही हे पक्कं. बाबांना दोन दिवस शांत बसता आलं तरी बास, गवा दिसला तर नादखुळाच. अनुभव असेल तर सांगा.