गावठी कुत्र्याकडून ॲक्टिंग कशी करून घ्यावी बाप्पा?

धुऱ्यावरचा कॅमेरा:
मंडळी, लग्नाचे व्हिडिओ काढून काढून डोकं भणभणलं, म्हणून स्वतःचाच एक सिनेमा लिहिला. दीड तासाचा, हसायचा. पैसे घरचे, म्हणजे मागच्या सीझनच्या नवरदेवांचे. शूटिंग आमच्या घाटंजी तालुक्यातच, यवतमाळ जिल्हा.

गोष्ट अशी. दिलीप, वय 24, सिलिंडरच्या गाडीवर आहे. लहानपणी कुत्रं चावलं, पोटात 14 इंजेक्शनं घेतली. तेव्हापासून कुत्रं दिसलं की याचे पाय लटपटते. आणि याचा जीव जडते कोणावर? तर जनावरांच्या दवाखान्यात बदलून आलेल्या पशुधन पर्यवेक्षक बाईवर. बाई याच्याहून चार वर्षांनी मोठी, तोंडानं फटकळ, क्वार्टरमध्ये तीन कुत्रे. त्यात एकटीचा सैपाक, एक सिलिंडर चार-चार महिने पुरते, म्हणजे भेटाची सोयच नाही. मग हा पोट्टा दर आठवड्याले रेग्युलेटर तपासाले जाते. बाईले समजते, पण ती काही बोलत नाही. चहाही देत नाही.

आता अडचण. दिलीप सिलिंडर खांद्यावर घेऊन येते, अन् उंबरठ्यावर कुत्रं आडवं पडलेलं. बाई आतून म्हणते, "ओलांडा की, काही वाघ नाही तो." याले ओलांडता येत नाही अन् सिलिंडर खाली ठेवताही येत नाही. सिनेमातला सगळ्यात मोठा सीन हाच आहे. कुत्रं म्हणजे आमच्या घरचा भुऱ्या. भाकर दाखवली तर बसते, पण कॅमेरा काढला की येऊन लेन्स चाटते. दोन मिनिटं एका जागी पडून राहायले त्याले कसं शिकवू?

मित्र म्हणतात भुऱ्यानं चिठ्ठी पोचवली पाहिजे, शेवटी दोघांचं जमवून दिलं पाहिजे. मले ते नाही पाहिजे. कुत्र्यानं कुत्र्यासारखंच राहावं, खाजवावं, झोपावं, नको तिथं टांग वर करावी. हे दोघं त्याच्या आजूबाजूनं कसे वागतात, त्याच्यात मजा आहे.

शेवटी पिल्लं दाखवायची आहेत. हिरोईन झाडीपट्टीतली आहे, म्हणजे तिकडं गडचिरोलीकडं रात्रीच्या नाटकात काम करते, ती होळीनंतरच मोकळी होते. म्हणून एप्रिल-मे धरला आहे. जमते का? आणि घरच्या कुत्र्याले परवानगी-बिरवानगी लागते का?

वासरूवाला:
नोकरी सारी जनावरांच्या दवाखान्यात गेली, म्हणून लिहितो. पहिले दिलीपचं वय सुधरवा. पोटातल्या 14 सुयांची ती जुनी लस देशात 2004 च्या शेवटी बंद झाली, आता दंडात देतात. 24 चा पोट्टा ते सांगू शकत नाही. त्याले तिशीच्या पुढं न्या. बाई मग चौतीस-पस्तिशीची अन् बिनलग्नाची होते, गावाले बोलायले विषय भेटते. तुमचा सिनेमा त्यानंच सुधरेल.

पिल्लांचं गणित एप्रिलचं नाही. गावातल्या कुत्र्या बहुतेक भादव्यात माजावर येतात, पोटात साधारण 63 दिवस. म्हणजे पिल्लं दिवाळीच्या पुढं-मागं, थंडीत. डोळे उघडायले दोनेक आठवडे लागतात. मेमध्ये गावभर फिरलात तरी सिनेमात शोभेल असं पिल्लू भेटणं मुश्कील. अन् भादव्यात भुऱ्याले घेऊन शूटिंग करायचा विचारही करू नका, तो तुमच्या हाताखाली राहणार नाही.

मेची दुपार तर सोडाच. आपल्याकडं पारा 45 वर जाते, तापलेल्या फरशीवर कुत्र्याचे पंजे भाजतात. सकाळी नऊच्या आत काय ते करा. शिकवताना उकडलेल्या कलेजीचे बोटाएवढे तुकडे द्या. शिजवलेलं हाड नको, त्याची किरच घशात अडकते.

कटिंगवाला, नागपूर:
एडिटिंगच्या टेबलावर कुत्र्याचे सीन जोडून जोडून एक गोष्ट समजली. माणसाची कंटिन्युइटी कपड्यात असते, कुत्र्याची जिभेत. सकाळी सातला तोंड बंद, साडेनऊला जीभ हातभर बाहेर. दोन्ही शॉट एकामागं एक लावले की प्रेक्षकाला वाटतं मधे कुत्रं गावाला जाऊन आलं. धापेचा आवाज माइकमध्ये येतो तो वेगळाच, संवाद सगळे डब करावे लागतात. उंबरठ्याचा सीन एकाच सकाळी संपवा.

पडून राहायला शिकवायचं तर पोतं वापरा. घरी रोज पोत्यावर पडला की लगेच तुकडा, उठला की काही नाही. रागवायचं नाही, आणि पाच-दहा मिनिटांवर ताणायचं नाही. मग पोतं घडी करत करत लहान करा. शूटच्या दिवशी पायपुसण्याएवढं उरलं तर उंबरठ्यावर ते खपून जातं. कॅमेरा आठवडाभर आधीपासून ट्रायपॉडवर घरातच ठेवा, चाटून चाटून कंटाळेल. आणि लेन्स त्याच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवा, उभ्यानं वरून घेतलं की कुत्रं पायपुसणं दिसतं.

परवानगी लागते. घरचं असलं तरी. सिनेमा-खेळातल्या जनावरांसाठीच्या 2001 च्या नियमांप्रमाणे शूटिंगच्या आधी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडं अर्ज करायचा (ऑफिस हरियाणात, बल्लभगढला), डॉक्टरचा फिटनेस दाखला जोडायचा. शूटिंग झाल्यावर त्यांचं ना-हरकत आणलं की मग सेन्सॉर. गप पडून राहावं म्हणून गोळी देऊन टाका, असं सांगणारा एखादा भेटतोच. त्याला सेटवर येऊ देऊ नका, ते नियमातही बसत नाही.

वडशाची:
मी झाडीपट्टीत काम करते जी. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की रात्रभर नाटक, सकाळी झोप, संध्याकाळी पुन्हा गाडी. पण पिल्लांच्या सीनमध्ये हिरोईनचे हात अन् ओढणीच दिसली तर? थंडीत तेवढं वेगळं घ्या, ओढणी तिचीच आणून ठेवा. बाकी सिनेमा होळीनंतर. चेहरा अन् पिल्लू एका फ्रेममध्ये पाहिजेच असेल तर तुम्ही वडशाले या, दुपारी तीनच्या नंतर एक तास भेटते. पिल्लू तुम्हीच आणा. त्याच्या मायसकट.

अन् बाई चहा देत नाही, हे लय चांगलं आहे. शेवटपर्यंत देऊ नका.

धुऱ्यावरचा कॅमेरा:
सगळ्यांचे आभार. दिलीप 32 चा झाला, बाई 36 ची. पोतं आजपासून सुरू, भुऱ्यानं पहिले त्याच्यावर मुतून घेतलं. डॉक्टरसाहेब, दाखल्यासाठी कोणाले भेटावं ते फोनवर विचारतो.

एकच राहिलं. दिलीपचं काम करणारा पोट्टा कुत्र्याले भितच नाही. भुऱ्या त्याच्या मागंमागं फिरते, अन् हा लटपटायची ॲक्टिंग करते ते थंडी वाजल्यासारखी दिसते.

वडशाची:
रिकामं सिलिंडर देऊन राहिले असाल. भरलेलं द्या जी. गॅस 14.2 किलो, वरून लोखंडाचं वजन, तीसेक किलो खांद्यावर घेऊन दोन मिनिटं उंबरठ्यावर उभं करा. पाय आपोआप लटपटतात.