बबल टिप ॲनिमोन पांढरा पडलाय, तोंड अर्धवट उघडं – औषध द्यावं की थांबावं?

विश्रामबाग_रीफ (सांगली)

नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याचा टँक ३ फूट × दीड × दीड, दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण १५० लिटर, दीड वर्षापासून चालू. ऑसेलारिस क्लाउन माशांची जोडी, एक क्लिनर श्रिम्प आणि एक बबल टिप ॲनिमोन (पायाने दगडाला चिकटून शेंड्यांनी खाणं धरणारा समुद्री प्राणी).

ॲनिमोनची तपकिरी छटा पार गेली, आता पांढुरका दिसतो. दुपारी आक्रसतो, रात्री थोडा फुलतो. तोंड अर्धवट उघडं असतं. पाय मात्र दगडाच्या खाचेत घट्ट आहे. कोळंबीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा दिला की धरतो आणि दुसऱ्या दिवशी तसाच ओकतो. क्लाउन सतत अंगात घुसतात.

आकडे: तापमान सकाळी २६, दुपारी ३०.५. सॅलिनिटी (खारटपणा) रिफ्रॅक्टोमीटरवर टॉप-अपनंतर, म्हणजे उडालेलं पाणी भरल्यावर, १.०२६, टॉप-अपच्या आधी १.०२८ च्या वर. अमोनिया, नायट्राइट शून्य. नायट्रेट आणि फॉस्फेटही शून्य (फॉस्फेट रिमूव्हर चालू आहे). अल्कलिनिटी ८.३. पाण्यावर पंखा लावलाय. उडालेलं पाणी घरच्या प्यायच्या आरओने भरतो, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ७०, आठवड्यातून दोनदा दहा-बारा लिटर. एलईडी पांढरा ७० टक्के, निळा ९०.

लाइट वाढवू का? रोज खायला घालू का? काही औषध आहे का?

शाहूपुरी_सागर (सातारा)

पाय घट्ट आहे आणि तुकडा धरतो, म्हणजे अजून वाचवता येईल. मेलेला ॲनिमोन ओळखायला अवघड नसतो. पाय सुटतो, अंगाचे बुळबुळीत धागे निघायला लागतात आणि सडका वास येतो. तसं दिसलं तर पाण्याखालीच वाडगं सरकवून अख्खा बाहेर काढायचा, ३०-४० टक्के पाणी बदलायचं, ताजा कार्बन टाकायचा आणि अमोनिया तपासत राहायचं. १५० लिटरच्या टँकमध्ये एक कुजलेला ॲनिमोन मासेही घेऊन जातो. तुमचं अजून तिथवर गेलेलं नाही.

तिन्ही प्रश्नांना सध्या उत्तर ‘नाही’. लाइट वाढवू नका, खाणं वाढवू नका, औषध नको. तुमच्या आकड्यांत मुख्य दोष चढउताराचा आहे. हिशेब करून बघा. पंख्याने रोज ३ लिटर उडतात असं धरू. चार दिवसांत १२ लिटर गेले, म्हणजे ८ टक्के. मीठ तेवढंच राहिलं, त्यामुळे ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ, साधारण १.०२६) पाणी ३८ वर गेलं. १.०२८ च्या वर जे दिसतंय ते हेच. मग एका बैठकीत १२ लिटर गोडं पाणी ओतलं की ते परत ३५ वर येतं. माशाला कल्ले आणि किडनी आहेत, तो हे रेटून नेतो. ॲनिमोनच्या अंगात बाहेरचंच पाणी भरलेलं असतं, आतला खारटपणा धरून ठेवायची त्याची फारशी सोय नाही. आठवड्यातून दोनदा हा झटका बसला की तो फुगायचं सोडून देतो.

आज पातळी खाली असेल तर एकदम भरू नका. रोजचे उडणारे ३ लिटर अधिक तुटीतले ३, असे दिवसाला ६ लिटर, तेही सकाळ-संध्याकाळ दोन हप्त्यांत. चार दिवसांत पाणी नेहमीच्या पातळीवर येईल आणि खारटपणा दिवसाला ०.००१ पेक्षा कमी सरकेल. त्यानंतर काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज भरा. फ्लोट स्विच, छोटा पंप आणि २० लिटरचा कॅन एवढ्यात ऑटो टॉप-अप बसतो. पंखा लावला असेल तर तो असायलाच हवा. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणावर ३५ ला सेट करा. नुसत्या आरओ पाण्यावर केला तर काही यंत्रं वरच्या टोकाला एक-दोन पीपीटी चुकतात.

तापमानाचंही तेच. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास असतो, घरातली खोली ३४-३५ सहज. पंखा २-३ अंश खाली आणतो, कारण त्या दिवसांत हवा कोरडी असते. पावसाळी दमटीत तोच पंखा निम्मंही काम करत नाही. २६ पासून ३०.५ ही रोजची उडी ॲनिमोनला जड आहे. त्याच्या अंगातलं सूक्ष्म शैवाल, ज्याच्यावर तो जगतो, उष्णतेत आणि तीव्र प्रकाशात बिघडतं आणि तो ते बाहेर टाकतो. पांढरा पडतो तो यामुळे. २७ वर स्थिर ठेवलंत तरी चालेल, दुपारी २८ च्या वर जाऊ देऊ नका. १५० लिटरला १/१० एचपीचा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) पुरतो. तो येईपर्यंत लाइटची वेळ संध्याकाळी ४ ते रात्री ११ करा, टँकवरचं झाकण काढून जाळी ठेवा आणि लागलीच तर बर्फाची बंद बाटली पाण्यावर तरंगवा. तासाला एक अंशापेक्षा जास्त उतरलं तर लगेच बाटली काढा.

वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) तोंडावर स्पंज किंवा जाळी बसवली आहे का? आजारी ॲनिमोन खाच सोडून फिरायला लागला की पहिला तिथेच ओढला जातो.

मिरज_खारंपाणी

वरचं सगळं बरोबर, पण मला खटकतंय ते आरओचं पाणी. तुमचा प्युरिफायर ‘कॉपर’वाला आहे का? हल्ली बरेच तसेच मिळतात. मेम्ब्रेननंतर (आरओच्या गाळणाऱ्या पडद्यानंतर) एक काडतूस असतं, ते पाण्यात मुद्दाम तांबं सोडतं. माणसाला चालतं, पण ॲनिमोन, श्रिम्प, गोगलगाय यांना तांबं विष आहे. मासे ठणठणीत आणि बिनकण्याचे प्राणी खंगत चाललेत, असं चित्र दिसलं की पहिला संशय तांब्यावर घ्यायचा. नुसतं पाणी उडतं, तांबं उडत नाही. आठवड्याला २४ लिटर टॉप-अप म्हणजे त्यातलं सगळं टँकमध्येच साठत राहतं.

टीडीएस ७० चं दुसरं कारण प्युरिफायरमधला टीडीएस कंट्रोलर. तो चव राखायला थोडं मेम्ब्रेनमधून न गेलेलं पाणी परत मिसळतो. मीटर फक्त एकूण आकडा दाखवतो, त्यात तांबं किती ते सांगत नाही.

आणखी एक. टँकचं पाणी तांब्या-पितळेच्या कळशीत किंवा पिंपात साठवत असाल तर आजपासून फूड-ग्रेड प्लॅस्टिकचा कॅन घ्या. पूर्वी याच टँकमध्ये माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचं औषध वापरलं होतं का, तेही सांगा. दगड आणि वाळू ते शोषतात आणि नंतर सोडत राहतात.

विश्रामबाग_रीफ (सांगली)

हो, कॉपरवालाच आहे. टँकमध्ये औषध कधी घातलेलं नाही, साठवण प्लॅस्टिकमध्येच आहे. श्रिम्प ठीक दिसतो. वेव्हमेकरला जाळी नाही, आज लावतो. आता टॉप-अपला पाणी कुठलं वापरू?

कराड_कोरल

श्रिम्प ठीक आहे म्हणजे तांबं फार चढलेलं नसावं. तरी ते पाणी आजच बंद करा. घरगुती तांब्याचं टेस्ट किट शून्य दाखवत असलं तरी त्यावर विसंबू नका, इतकं कमी प्रमाण ते पकडत नाही.

मेकॅनिककडून मेम्ब्रेनच्या शुद्ध पाण्याच्या नळीला, कॉपर काडतूस आणि टीडीएस कंट्रोलरच्या *आधी*, एक टी-जोड आणि छोटा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. त्यापुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणारं) पारदर्शक काडतूस. बाहेर येणारा टीडीएस ० यायला हवा. २ दिसायला लागला की रेझिन बदला. पिण्याची लाइन जशी आहे तशीच राहील. तोवर कामापुरतं डिस्टिल्ड वॉटर घ्या, पण बॅटरीच्या दुकानातल्या कॅनचा टीडीएस मोजल्याशिवाय ओतू नका, नावाला डिस्टिल्ड असलेलं पुष्कळ असतं.

टँकमधलं तांबं काढायला कुप्रीसॉर्ब किंवा पॉलिफिल्टर, जे मिळेल ते, जिथून पाणी जोरात जातं तिथे ठेवा. पॉलिफिल्टर निळा पडला तर तांबं होतंच हे कळेल. सोबत ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन. पाणी बदल आठवड्यातून दोनदा २५ लिटर. २५ लिटर डीआय पाण्याला ९०० ते ९५० ग्रॅम रीफ सॉल्ट लागतं. पंप लावून चोवीस तास फिरवा, तापमान आणि सॅलिनिटी टँकशी जुळवा, मगच घाला. एक नक्की लक्षात ठेवा: पाणी बदलायला खारं, उडालेलं भरायला गोडं. इकडचे काही जण आंबा घाट उतरून रत्नागिरीहून समुद्राचं पाणी आणतात. पावसाळ्यात ते अजिबात आणू नका, नद्यांच्या पुराने खारटपणा पडलेला असतो आणि गाळही असतो.

फॉस्फेट रिमूव्हर मात्र काढून टाका. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य म्हणजे त्या शैवालाला खायलाच काही नाही, ते परत वाढणार कशावर? नायट्रेट ५-१० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असू द्या. त्यासाठी बाटलीतलं काही ओतायची गरज नाही, माशांना थोडं जास्त खायला घाला आणि स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) जरा कोरडा, म्हणजे कमी आणि घट्ट फेस निघेल असा, चालवा.

तासगाव_ॲक्वा

सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकबद्दल कुणी बोललं नाही. नव्याने आलेल्या ॲनिमोनना देतात की. वेगळ्या टँकमध्ये ३८ लिटरला २५० मिलिग्रॅम, रोज संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी पाणी बदलून परत डोस, असे सात दिवस. संध्याकाळी अशासाठी, की उजेडात ते औषध मोडतं.

शाहूपुरी_सागर (सातारा)

@तासगाव_ॲक्वा, प्रमाण बरोबर आहे, पण ते जंतुसंसर्गासाठी. ॲनिमोन दिवसातून अनेकदा पूर्ण चपटा होतो आणि परत फुगतो, तोंड वळून बाहेर येतं, पाय धरत नाही, तेव्हा. इथे पाय घट्ट आहे आणि कारणं समोर दिसतायत. आत्ता औषधासाठी त्याला दगडावरून सोलायला गेलो तर पाय फाटेल आणि नसलेला संसर्ग होईल. पाणी स्थिर केल्यावर आठवडाभरात ती लक्षणं आली तर दगडासकट उचलून वेगळ्या टँकमध्ये न्या. औषध पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवरच घ्या, आणि मुख्य टँकमध्ये एक गोळीसुद्धा नको, फिल्टरमधले उपयोगी जंतू मरतील.

मिरज_खारंपाणी

खाण्याबद्दल सांगतो, कारण इथेच जास्त ॲनिमोन मरतात. पेराएवढा तुकडा त्याला पचत नाही. पचवायला ताकद लागते, ती नसली की तुकडा आत सडतो आणि तो ओकतो, त्यात उरलीसुरली शक्ती जाते. तोंड मिटेपर्यंत काहीही देऊ नका. मिटलेलं सलग दोन-तीन दिवस दिसलं की सुरुवात करा.

ताजी कोळंबी घ्या, कवच आणि मधला काळा दोरा काढा, डीआय पाण्यात धुवा आणि तुकडे तुरीच्या डाळीएवढे करा. सुकट-सोडे चालणार नाहीत, मीठ लावलेली कोळंबीही नाही. वेव्हमेकर १५ मिनिटं बंद. प्लॅस्टिकच्या चिमट्याने तुकडा शेंड्यांवर *ठेवायचा*, तोंडात कोंबायचा नाही. शेंडे चिकटून आत वळले की झालं. श्रिम्प तोंडातला घास काढून नेतो, म्हणून पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून घुमटासारखा ॲनिमोनवर ठेवा, बुचाच्या भोकातून खायला घाला, अर्ध्या तासाने काढा. आठवड्यातून दोनदा, एका वेळी एकच तुकडा. चोवीस तासांत ओकला तर बाहेर काढा आणि पुढचा तुकडा निम्मा करा. तपकिरी दोरे टाकले तर घाबरू नका, तो बहुतेक मळच असतो.

क्लाउन सध्या दूर ठेवा. भाजी धुवायची प्लॅस्टिकची जाळीदार टोपली ॲनिमोनवर पालथी घालून वर छोटा दगड ठेवला तरी पुरे. जाळी बारीक असेल तर प्रवाह अडतो, मोठ्या भोकांची बघा.

लाइट आत्ता पांढरा २५, निळा ५० वर आणा आणि रोज सातच तास. जास्त उजेडाने उरलेलं शैवालही जातं. शेंड्यांच्या बुडाशी फिकट तपकिरी दिसायला लागलं की आठवड्याला ५ टक्के वाढवा. त्याआधी वाढवू नका. रंग यायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. तोंड मिटणं आणि दुपारी फुललेलं राहणं ही खूण त्याच्या बरीच आधी दिसते, लक्ष तिकडे ठेवा.

कराड_कोरल

वीज जाते तेव्हाचीही सोय करून ठेवा. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, प्रवाह थांबला की अजून घटतो. बॅटरीवरचा एअर पंप, जो वीज गेली की आपोआप चालू होतो, तो स्वस्त असतो. १२ व्होल्टचा डीसी वेव्हमेकर असेल तर इन्व्हर्टरवर टाका. हीटर आणि लाइट इन्व्हर्टरवर नकोत. टी-जोड बसला की टीडीएसचा आकडा इथे टाका, आणि पॉलिफिल्टर लावलात तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा फोटोही.