बाळाची घरघर: औषध विषाणूवर हवे की मज्जातंतूंवर?

सुमेध (मूळ मांडणी):
मिरचीच्या खमंग फोडणीने घरभर ठसका उठतो तो मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे. हेच कॅप्सेसिन जिओव्हानी पिएदिमोन्ते या बालरोगतज्ज्ञ संशोधकाने प्रयोगशाळेत वापरले. आरएसव्ही या श्वसनविषाणूची लागण झालेल्या उंदरांच्या शिरेत त्यांच्या गटाने निळा रंग सोडला आणि कॅप्सेसिनने श्वासमार्गातील मज्जातंतू चेतवले. तेव्हा निरोगी उंदरांपेक्षा या उंदरांच्या श्वासमार्गाच्या अस्तरात रंग कितीतरी जास्त पाझरला, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्या जास्त गळू लागल्या होत्या. मज्जातंतूंतून सुटणारे ‘सबस्टन्स पी’ हे न्यूरोपेप्टाइड (मज्जातंतूंचे संदेशवाहक रसायन) पेशींवरील ज्या एनके-1 रिसेप्टरला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या ग्राहीला, चिकटते, तो रिसेप्टरच विषाणूमुळे वाढतो, असे त्यांनी 1999 मध्ये दाखवले. माझे म्हणणे एवढेच की, आरएसव्हीने आजारी पडलेली बाळे पुढे वर्षानुवर्षे घरघरत असतील, तर तोवर विषाणू केव्हाच गेलेला असतो आणि मागे उरलेल्या चिडक्या मज्जातंतूंकडे कोणी पाहत नाही. एनके-1 रोखणारे अ‍ॅप्रेपिटंट केमोथेरपीतील उलट्यांसाठी 2003 पासून वापरात आहे. ते या बाळांत तपासायला काय हरकत आहे?

मृणाल:
हरकत आहे. उंदराच्या श्वासमार्गात सबस्टन्स पी असलेले मज्जातंतू दाट असतात, माणसाच्या श्वासमार्गात ते विरळ असतात. दम्यासाठी असे रिसेप्टर रोखण्याचे प्रयत्न पूर्वी झाले आणि त्यांतून म्हणावे असे काही हाती लागले नाही. ‘वर्षानुवर्षे’ हा शब्दही जपून वापरावा, कारण अमेरिकेतील टूसान येथील मुलांच्या दीर्घ अभ्यासात आरएसव्हीनंतरच्या घरघरीचा धोका वयाबरोबर घटत गेला आणि तेराव्या वर्षापर्यंत उरलाच नाही. शिवाय ज्यांचे श्वासमार्ग जन्मतःच अरुंद असतात त्याच बाळांना आरएसव्ही जोरात होत असेल, तर आपण कार्यालाच कारण समजत आहोत. त्यापेक्षा लागणच होऊ न देणारी प्रतिपिंडे आणि गरोदर स्त्रियांसाठीची लस, जी 2023 मध्ये आली, ती इथल्या आयांच्या आवाक्यात कशी येईल ते आधी बोलू.

सुमेध:
लागण टाळावी याबद्दल वादच नाही. उलट नेदरलँड्समधील 429 अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2013 मध्ये आले, प्रतिपिंडे दिल्यावर पहिल्या वर्षातील घरघरीचे दिवस 61 टक्क्यांनी घटले. म्हणजे ती घरघर निदान काही अंशी विषाणूचीच करणी होती, केवळ अरुंद श्वासमार्गाची नव्हे. आणि माणसात एनके-1 निरुपयोगी म्हणावे, तर मुंबईच्या टाटा रुग्णालयातील 128 फुप्फुस-कर्करुग्णांच्या चाचणीत (2020) अ‍ॅप्रेपिटंटने खोकला कमी झालाच होता.

मृणाल:
तीच डच मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची फुप्फुसक्षमता तपासली, तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हे अर्धे वाक्य आपण सोडलेत.

निनाद:
टाटाची चाचणी मला आवडते, पण ती इथे फारशी उपयोगी नाही. कोणाला औषध मिळते आहे हे रुग्णांना व डॉक्टरांना माहीत होते, आणि खोकल्यासारख्या तक्रारीत एवढ्यानेही फरक पडतो. अ‍ॅप्रेपिटंट मेंदूत पोचते, उलटी थांबवते तीही तिथेच; तेव्हा खोकला श्वासनलिकेत थांबला की मेंदूत, हे त्यावरून कळत नाही. शिवाय हे औषध यकृतातील ज्या एन्झाइमला अडवते त्यानेच डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडचा निचरा होतो. म्हणून केमोत दोन्ही एकत्र देताना स्टेरॉइडचा डोस निम्मा करावा लागतो. घरघरणाऱ्या बाळाला स्टेरॉइड आधीच चालू असेल, तर हा हिशेब कोण ठेवणार?

सुमेध:
स्टेरॉइडचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तो मान्य. आधी औषध नको, मोजमाप तरी करा. श्वासयंत्रावरील आरएसव्हीच्या बाळांच्या फुप्फुसांतील द्रवात मज्जातंतूंची वाढ घडवणारे एनजीएफ हे प्रथिन वाढलेले असल्याचे 2005 मध्ये दिसले होते. तसा द्रव अशा बाळांच्या नळीतून रोजच काढून फेकला जातो.

मृणाल:
तो जरूर मोजा. पण श्वासयंत्रावर असलेल्या, आरएसव्ही नसलेल्या बाळांचाही त्याच दिवशी मोजा. नुसत्या नळीच्या टोचणीनेही मज्जातंतू चिडतात.