हनोई ते लुआंग प्रबांग बस: तिकिटावर '२४ तास', पण मध्येच मुक्काम पडला तर?

रानवाट:
नोव्हेंबरअखेर व्हिएतनाममधून रस्त्याने लाओसला जायचं आहे. दोघं आहोत, प्रत्येकी एक सॅक. भारतीय पासपोर्ट, व्हिएतनामचा सिंगल एंट्री ई-व्हिसा. हनोईतली हॉस्टेलं "थेट लुआंग प्रबांग, स्लीपर, २४ तास" असं तिकीट विकतात. पण गाडी रात्रभर सरहद्दीवर उभी करतात, मध्येच दुसऱ्या गाडीत कोंबतात, वर पैसे मागतात, असं बरंच वाचनात आलं. हे नेमकं कुठे आणि का होतं? मुक्काम करावाच लागला तर कुठे उतरणं शहाणपणाचं? विमान आहे हे ठाऊक आहे, कृपया ते सुचवू नका.

घाटमाथा:
त्या २४ तासांतले बरेचसे तास गाडी चालतच नाही. लाओसच्या गाड्या सहसा हनोईच्या दक्षिणेकडल्या नुओक न्गाम स्थानकातून संध्याकाळी सुटतात. वाटेतलं विन्ह शहर हनोईहून साधारण ३०० किमी. तिथून पश्चिमेला वळून सरहद्दीच्या नाक्यावर पोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते, नाहीतर पहाट. नाका उघडतो सकाळी ७ च्या सुमारास. तोवर इंजिन बंद, म्हणजे एसीही बंद. गाडीत शौचालय नसतं, असलं तर बहुधा कुलूपबंद. हा बिघाड नव्हे, वेळापत्रकच असं आहे. त्या दिवसांत डोंगरात चांगलाच गारठा असतो, तेव्हा जाकीट डिकीत टाकू नका.

दुसरं म्हणजे या गाड्या माणसांइतक्याच मालावर चालतात. खोकी, पोती, कधी मोटरसायकलसुद्धा. रात्री भलत्याच ठिकाणी तासभर थांबते ती माल चढवायला. नाक्यावर माल तपासायला घेतला की प्रवाशांचे शिक्के होऊनही गाडी अडकते.

तिकीट घेताना पहिला प्रश्न: कुठल्या नाक्याने? लुआंग प्रबांगचा सरळ रस्ता नम कान नाक्यावरून लाओसमधलं फोनसवान, मग फू खून असा जातो. उत्तर "काउ त्रेओ" आलं तर ती गाडी लाओसची राजधानी व्हिएन्तियानच्या दिशेची. तुम्हाला वाटेत किंवा व्हिएन्तियानला गाडी बदलावी लागणार, 'थेट' फक्त पावतीवर. शक्यतो स्थानकाच्या खिडकीवर तिकीट काढा आणि नाका, बर्थ नंबर, गाडी कुठे बदलणार हे तिकिटावर लिहून घ्या. हॉस्टेलचं तिकीट म्हणजे एजंटची पावती. त्यातले गाडीवाल्याला किती मिळाले हे तुम्हाला कळत नाही, आणि जादा पैशांची मागणी बहुतेक वेळा तिथूनच निघते. गाडी बदलायला लावली तर नव्या गाडीत जागेवर बसेपर्यंत तिकीट हातातून सोडायचं नाही.

स्लीपर म्हणजे वर-खाली दोन मजले, तीन ओळी. पाठ पूर्ण आडवी होत नाही आणि पाय पुढच्याच्या पाठीखालच्या खोक्यात जातात. उंची पावणेसहा फुटांच्या वर असेल तर गुडघे दुमडूनच रात्र काढायची. अगदी मागची सलग रांग टाळा, खाली इंजिन असतं आणि हादरेही तिथेच जास्त. बूट दारात काढून पिशवीत घ्यावे लागतात.

कुंभा:
माझं मत सरळ आहे: थेट तिकीट घेऊच नका. प्रवासाचे तुकडे स्वतः पाडा.

हनोईच्या मी दिन्ह स्थानकातून रात्रीच्या स्लीपरने सरहद्दीजवळचं दिएन बिएन फू, साडेचारशे किमीच्या वर. तिथे मुक्काम. १९५४ च्या लढाईची ए-१ टेकडी गावातच आहे, दिवस वाया जात नाही. मुक्कामाच्या दुपारीच स्थानकावर जाऊन दुसऱ्या दिवशीच्या, लाओसमधल्या मुआंग खुआच्या गाडीचं तिकीट काढा. गाडी लहान असते, भल्या पहाटे सुटते आणि आयत्या वेळी गेलात तर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून घाट चढावा लागतो. ती ताय चांग नाका दिवसाउजेडी ओलांडते, मुख्य फायदा हाच. मुआंग खुआहून मिनीव्हॅनने मुआंग साय सुमारे १०० किमी. तिथे लाओस-चीन रेल्वेचं स्टेशन आहे (डिसेंबर २०२१ पासून ही लाइन चालू आहे) आणि तिथून लुआंग प्रबांग तासाभरावर. घाटातल्या बसशी तुलनाच नको.

दीड दिवसाचे तीन दिवस होतात, हे खरं. पण मुक्काम कुठे करायचा हे तुम्ही ठरवता, ड्रायव्हर नाही.

रेल्वेत चाकू, कात्री, स्प्रेचे डबे तपासणीत काढून घेतात. डासांचा स्प्रे असेल तर आधीच मलमावर या. जुन्या लेखांत नाम ऊ नदीतून होडीने थेट लुआंग प्रबांगला जायचं वर्णन सापडेल. धरणांमुळे तो सलग प्रवास आता होत नाही.

शिक्का_मोर्तब:
दोघांनीही तारखेचा मुद्दा सोडला, आणि महागात पडतो तो तोच. व्हिएतनामचा व्हिसा ज्या दिवशी संपतो त्या संध्याकाळची गाडी धरू नका. नाक्यावर पोचता मध्यरात्रीनंतर, दार उघडतं सकाळी, म्हणजे बाहेर पडण्याचा शिक्का दुसऱ्या तारखेचा. रांगेत पहिले असलात तरी ओव्हरस्टे तो ओव्हरस्टेच. निदान दोन दिवस हातात ठेवा.

सिंगल एंट्री आहे, तेव्हा व्हिएतनामचा शिक्का पडला की परतीचं दार बंद. म्हणून लाओसची तयारी आधीच पक्की हवी: पासपोर्टची मुदत किमान सहा महिने, एक-दोन फोटो, न मळलेल्या न फाटलेल्या डॉलरच्या नोटा. भारतीयांना व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो. लाओसचा ई-व्हिसा मात्र ठरावीक प्रवेशद्वारांवरच चालतो, तुमचा नाका यादीत नसेल तर त्याचा उपयोग शून्य.

नाक्यावर उतरण्याआधी गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. "आम्हाला व्हिसा काढायचाय, थांबा" हे क्लीनरला भाषांतराच्या अ‍ॅपवर लिहून दाखवा. बाकी प्रवासी व्हिएतनामी-लाओ असतात, त्यांना व्हिसा लागत नाही, ते पाच मिनिटांत मोकळे होतात आणि गाडी तुमच्यावाचून निघू शकते. लहान बॅग बरोबर न्यायची. पासपोर्ट गोळा करणाऱ्या क्लीनरला आपला देऊ नका, स्वतः खिडकीवर जा.

उरलेले डोंग, म्हणजे व्हिएतनामचे पैसे, नाक्यावरच बदला. पुढे लाओसमध्ये त्यांना भाव येत नाही. लाओसच्या किपचंही तेच, लाओसबाहेर त्यांची किंमत कागदाची.

रानवाट:
फार उपयोगी, आभार. कुंभांचा मार्ग आवडला, पण जोडीदाराला फोनसवानचं रांजणांचं पठार बघायचंच आहे. मग थेट गाडीतून तिथेच उतरलो तर? आणि काउ त्रेओवाली गाडीच पदरी पडली तर?

घाटमाथा:
उतरता येईल, पण पुढचे पैसे परत मिळणार नाहीत. त्यापेक्षा तिकीटच फोनसवानपर्यंतचं मागा, किंवा हनोई-विन्ह रेल्वेने जाऊन विन्हहून फोनसवानची बस पाहा. ती रोज असेलच असं नाही, म्हणून हनोई सोडण्याआधी दिवस विचारून घ्या. पठारावर खुणेच्या दगडांमधल्या वाटेबाहेर पाऊल नको. १९६४ ते १९७३ मधले न फुटलेले बॉम्ब त्या मुलखात अजून निघतात.

काउ त्रेओच्या बाजूने गाडीने सोडलंच, तर लाओसच्या हद्दीत पहिलं बऱ्यापैकी गाव लाक साओ. गेस्टहाउस आणि एटीएम आहे, थाखेक गावाहून मोटरसायकलने फेरी मारणारे पर्यटक तिथून जात असल्याने परदेशी माणसाचं कुणाला नवल नाही. नाक्यापासून तिथवर सोंगथाव, म्हणजे मागे बाकं टाकलेला टेम्पो, आपलं वडापच. भाडं आधी ठरवायचं. तिथून सकाळची व्हिएन्तियानची गाडी घ्या आणि पुढे बसच्या फंदात न पडता रेल्वे धरा, लुआंग प्रबांग साधारण दोन तास. तिकिटं लवकर संपतात, म्हणून लाक साओत इंटरनेट मिळालं की आधी तेच बघा.

फोनसवान ते लुआंग प्रबांग सुमारे २६० किमी, सात-आठ तास आणि जवळजवळ सगळा वळणाचा घाट. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास, आणि जागा ड्रायव्हरमागच्या पहिल्या रांगेत. मिनीव्हॅन सकाळीच सुटते. हनोईची गाडी दुपारी पोचली तर त्या दिवशी पुढे जायची खटपट करू नका, सरळ खोली घ्या.