डायोड काढले तरी फलकावरचा प्रवाह मिळेलच असे नाही

प्लेटिंगच्या जुन्या रेक्टिफायरमधले (एसीचा डीसी करणाऱ्या यंत्रातले) डायोड काढून ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरूनच (बाहेर पुरवठा देणाऱ्या वाइंडिंगवरूनच) एसी पुरवठा घ्यावा, फलकावर लिहिलेले अँपिअर तसेच मिळतील, असा सल्ला इथे दिला गेला आहे. त्याचा पहिला भाग मान्य आहे. दुसरा मात्र वाइंडिंग (तांब्याच्या तारेची वेटोळी) जाळू शकतो. प्लेटिंगचे मोठे रेक्टिफायर पुष्कळदा डबल-स्टार जोडणीचे (सेकंडरीचे दोन तारा-गट समांतर चालणारे), मध्ये दोन्ही गटांत प्रवाह सारखा वाटणारा इंटरफेज ट्रान्सफॉर्मर असलेले असतात. त्यात प्रत्येक वाइंडिंगमधून एकूण डीसीच्या निम्मा प्रवाह, तोही आवर्तनाच्या एक तृतीयांश काळच वाहतो, त्यामुळे १००० अँपिअरच्या यंत्रात तिच्या वाट्याला सुमारे २८९ अँपिअर आरएमएस (तार तापवण्याच्या दृष्टीने परिणामी प्रवाह) येतात आणि तांब्याची जाडी त्याच हिशेबाने ठरवलेली असते. तीन फेजच्या ब्रिज जोडणीत हाच आकडा सुमारे ८१६ होतो, म्हणून झाकण उघडून आधी जोडणी ओळखावी.

चर्चेत न आलेला मुद्दा नियंत्रणाचा आहे. इथे बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर विजेने ऑक्साइडचा थर चढवण्याच्या) कारखान्याला ॲल्युमिनियम कथिलाच्या द्रावणात रंगवण्यासाठी एसी हवा होता आणि जुना रेक्टिफायर पडून होता. अशा यंत्रात प्रायमरीकडच्या (पुरवठ्याच्या बाजूच्या) थायरिस्टरांच्या, म्हणजे प्रवाह कमीजास्त करणाऱ्या अर्धवाहक स्विचांच्या, नियंत्रण कार्डाला प्रवाहाची खबर डीसी शंटकडून (प्रवाह मोजण्याच्या लहान रोधाकडून) मिळते. शंटमधून एसी वाहू लागला की त्यावरची सरासरी शून्य येते, मीटरचा काटा हलत नाही, आणि प्रवाह वाहतच नाही असे धरून कार्ड थायरिस्टर पूर्ण उघडते. म्हणजे प्रवाहमर्यादेचे संरक्षणच नाहीसे होते. म्हणून आम्ही शंटऐवजी करंट ट्रान्सफॉर्मर (एसी प्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर) बसवला, त्याचा संकेत लहान डायोड ब्रिजमधून डीसी करून कार्डाला दिला, आणि त्यानंतरच टाकीला जोडणी करू दिली.