बाळ अजून बोलत नाही: तुमचे अनुभव सांगा

काल लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरची सून भेटली, कडेवर पावणेदोन वर्षांचं बाळ. मी त्याला म्हटलं, काय रे सोन्या, भुर्र चाललास का? तर ती घाईघाईने म्हणाली, "काकू, अजून बोलत नाही हो तो." मी काही विचारलंच नव्हतं. आणि मला दहा वर्षांपूर्वीची मी आठवले, लग्नात, दवाखान्यात, भाजी घेताना हेच वाक्य कुणी विचारायच्या आत सांगणारी.

लेक दोन वर्षांचा झाला तेव्हा चारच शब्द होते आणि त्यात आई नव्हतं. सासूबाई म्हणायच्या ह्याचा बाप पण तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, माझी आई म्हणायची जीभ जड आहे वेखंड लाव. मी फ्रिजवर कागद लावलेला, नवा शब्द आला की लिहायचा. दीड महिना कागद तसाच. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, कान तपासलेत का? मला राग आला, कुकरची शिट्टी झाली की किचनमध्ये पळत यायचा की तो! पण तपासलं तर दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी, सारखी सर्दी असायची त्यामुळे. शिट्टी ऐकू यायची पण आपलं बोलणं त्याला उशीतून आल्यासारखं येत असणार. तीन महिने वाट बघितली, पाणी गेलं नाही, मग छोटं ऑपरेशन करून बारीक नळ्या घातल्या. घरी आल्यावर मिक्सर लावला तर त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. पहिल्यांदा. मी तिथेच रडले. पुढे सात-आठ महिने स्पीच थेरपी. कागदावरचा पुढचा शब्द 'पाऊ', पत्र्यावर पाऊस वाजत होता तेव्हा.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा ना.

चिऊची आई
अगं सेम!! फक्त आमच्याकडे कान ठीक होते. मोबाईल. मी घरून काम करायचे, मीटिंग असली की हातात फोन. अडीच वर्षांचा असताना इंग्लिशमध्ये एक ते वीस, सगळे रंग यायचे आणि पाणी हवं असेल तर नुसता ओरडायचा. फोन पूर्ण बंद केला. पहिले दहा दिवस फार वाईट गेले. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, मला ते नंतर कळलं. पोळ्या करताना त्याला ओट्यावर बसवून बडबड करायचे, हे पीठ, हे लाटणं, पोळी टम्म फुगली. पहिला नीट शब्द 'टम्म' 😄

पुणेरी काकू
टम्म 😂 माझी नात चपातीला 'पचाती' म्हणते, आता आम्ही सगळेच पचाती म्हणतो

बाबा_मराठवाडा
आमची पोरगी जन्मापासून ऐकत नव्हती आणि आम्हाला पावणेतीन वर्ष कळलं नाही. ताट पडलं की वळायची, आता वाटतं फरशी हादरायची ते तिला जाणवत असणार. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम आली होती त्यांनी जिल्हा रुग्णालयात पाठवलं, तिथं बेरा टेस्ट झाली (ऐकू येतं का ते बाळ झोपेत असताना तपासतात ती), पैसे लागले नाहीत. कानाला ऐकायचं मशीन लावलं. आता सातवं चालू आहे, बाबा म्हणते, बाकी हातवारे करून सांगते आणि आम्ही पण शिकलो. उशीर झाला हे मनातून जात नाही.

चिऊची आई
दादा असं नका म्हणू, तुम्हीच घेऊन गेलात ना तिला 🙏

निळी छत्री
थोडं वेगळं लिहिते. माझा मुलगा बोट दाखवायचा नाही. चिमणी बघ म्हटलं तरी तिकडे बघायचा नाही, माझा हात धरून बाटलीपाशी न्यायचा. मी शब्दच मोजत बसले, दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नास शब्द आणि 'पाणी दे' सारखी जोडी हवी वगैरे, पण ह्या गोष्टीकडे लक्षच गेलं नाही. ऑटिझम आहे. पाच वर्षांचा आहे, बोलतो थोडंच, चित्रांची कार्डं देऊन सांगतो. 'मुलगे उशिराच बोलतात' ऐकून आम्ही एक वर्ष घालवलं. प्लीज कुणी ऐकू नका.

म्युनिकहून
घरी मराठी, नवरा तेलुगू, पाळणाघरात जर्मन. सगळे म्हणाले तीन भाषांनी पोर गोंधळलं, मराठी सोडा. थेरपिस्टने उलट सांगितलं की भाषा जास्त म्हणून बोलणं अडत नाही, तुमच्याच भाषेत बोला. बरं झालं सोडली नाही, माझ्या आजीशी फोनवर भांडते ती आता.

पुणेरी काकू
वेखंड आम्ही सगळ्यांना लावलं हो, काही झालं नाही. बाळगुटी पण द्यायचो मधातून.

निळी छत्री
काकू मध वर्षाच्या आत अजिबात नको, बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि वेखंडाला आमच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं.

पुणेरी काकू
असं होय. सुनेला सांगते.

अनुची_आई
बुधवारी आमची बेरा आहे, बाळ झोपलेलं लागतं म्हणे, माझी तर दुपारी झोपतच नाही 😟 पोटात गोळा आलाय

बाबा_मराठवाडा
ताई आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, गाडीत डुलकी घेऊ देऊ नका. घरची गोधडी न्या सोबत. आमची आईच्या मांडीवरच झोपली होती.