आकृतीवर खुणा करायच्या कुठे?

दहावीची गणिताची परीक्षाही संगणकावर घ्यावी, म्हणजे निकाल लवकर लागतो आणि तपासनीसागणिक गुण बदलत नाहीत, असं काहीजण म्हणतात. हा मुद्दा बहुपर्यायी प्रश्नांपुरता मान्य. पण दहावीच्या बोर्डाचे बीजगणित आणि भूमितीचे पेपर प्रत्येकी ४० गुणांचे, आणि त्यात पायरीला गुण असतात. शेवटचं उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर पोराच्या पदरात काहीतरी पडतं. स्पर्शिका काढताना कंपासचे कंस पुसू नका, असं आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगतो, कारण रचना त्यावरूनच तपासतात. हे माउसने कसं जमवायचं?

मी सातपूरला नववी-दहावीच्या शिकवण्या घेते. दिवाळीनंतर समरूप त्रिकोणांची तीच दहा गणितं निम्म्या मुलांना कागदावर दिली, निम्म्यांना स्क्रीनवर. कागदवाल्यांनी छापील आकृतीवरच पेन्सिलीने समान कोनांना खुणा केल्या, बाजूंवर लांब्या लिहिल्या. स्क्रीनवाल्यांना आकृती आधी कच्च्या कागदावर उतरवावी लागली. एका मुलीने घाईत दोन शिरोबिंदूंची नावं उलटी लिहिली आणि पुढचं सगळं गुणोत्तर फिरलं. रीत तिला पक्की येत होती, म्हणून जास्त वाईट वाटलं. २०१५च्या पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीआधी जर्मनी, स्वीडन आणि आयर्लंडमध्ये घेतलेल्या पूर्वचाचणीतही संगणकावर सोडवणारी मुलं कागदवाल्यांच्या मागेच होती. पुढे सीईटी आणि जेईई मेन संगणकावरच द्यायच्या आहेत, सवय हवीच. पण ती अकरावी-बारावीच्या सराव परीक्षांत लावता येते, त्यासाठी दहावीची भूमिती स्क्रीनवर नको.